इकडचा धूर

"आणि कारखाने? ते काय अंधारात चालत्यात?"

सिदोबांनी हे विचारलं, तेव्हा विद्याधर उपळेकर त्यांच्या भट्टीपाशी बसून अहवालाचं पान उलटत होता. त्याचा हात थांबला.

कृष्णाकाठचे सिदोबा मडकी भाजत आणि विचारणाऱ्याला दोन शब्द सांगत. पोरवयात विद्याधर त्यांच्याकडे माती मळायला होता. आता दिल्लीत देशाचं हवामान धोरण लिहिणाऱ्यांत त्याचं नाव होतं. त्या धोरणानं वीजनिर्मिती कमी करून वीजकेंद्रांचा धूर पाचव्या हिश्शानं घटवला होता. उद्या अहवालावर त्याची सही व्हायची होती, आणि त्याआधी त्याला गुरूची शाबासकी हवी होती. का नसावी? एवढी मजल मारलेला शिष्य सिदोबांना दुसरा कुठे मिळाला होता?

"कारखान्यांनी स्वतःची डिझेलची जनित्रं बसवली, बाबा. पण हिशेबात तो धूर उद्योग खात्याकडे धरतात. माझ्याकडे नाही."

"त्यांनी धरला?"

"ते त्यांचं काम."

"अस्सं…"

समोर भट्टी पेटली होती. वरच्या चिखलाला भेगा पडून धूर नेमका विद्याधरच्या तोंडावर येत होता.

"तेवढ्या भेगा लिंप बघू," सिदोबा उठत म्हणाले. "जमतंय का अजून?"

जमतंय का म्हणे. विद्याधरनं बाह्या सरसावल्या. ओल्या चिखलाचा गोळा घेतला आणि एक भेग लिंपली. मग दुसरी, मग तिसरी. बोटं काही विसरली नव्हती. बघता बघता धुराची शेवटची रेघही विरली. आपल्या कामाकडे तो मान तिरकी करून बघत राहिला. त्याला फार बरं वाटलं.

"बाबा, धूर बंद झाला."

सिदोबा तोवर भट्टीच्या पलीकडे लाकडं सारायला गेले होते. तिकडून खोकला आला… पुन्हा खोकला.

विद्याधर वळसा घालून पलीकडे गेला.

तिथे मागच्या भेगेतून कोंडलेल्या धुराचा लोट बाहेर पडत होता. सिदोबा त्यातच उकिडवे बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हातातलं लाकूड ते शांतपणे भट्टीच्या तोंडात सारत होते.

विद्याधरचे चिखलाचे हात तसेच राहिले. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

"बाबा, उठा. इकडे या."

सिदोबा हलले नाहीत.

"बाबा… मला उद्या सही करायची आहे."

खोकल्याची उबळ सरेपर्यंत म्हातारा थांबला. मग त्यानं मान वर केली.

"तुझ्याकडचा थांबला न्हवं?"

"हो… पण…"

"मग तसं लिही."