कोतवाल आणि सातभाई

बुलबुलीची अंडी फुटली तेव्हा मी तिथे नव्हते. फार पूर्वीची ही हकीकत मी केवळ ऐकली आहे. साळुंकीच्या मोठ्या पिल्लाने ती अंडी चोचीने फोडली होती.

“हाकला त्याला रानाबाहेर!” कोतवाल पक्षी गरजला. “आईला आवरत नाही.”

साळुंकीने पिल्लाला पंखाआड घेतले. सातभाईंच्या थव्यातली थोरली मावशी पुढे आली.

“कोतवालसाहेब, ही एकटी दिवसभर किडे शोधत फिरायची, तेव्हा तिच्या पिल्लाकडे कोणी पाहिले? आमची पिल्ले आम्ही सगळे मिळून वाढवतो. आजपासून हेही आमचे.”

“तुमची आपसातली भांडणे आधी मिटवा!”

“भांडतो, पण पिल्लू एकटे सोडत नाही. हाकलायचे तर आधी आम्हाला हाकला.”

कोतवाल हटला. पिल्लू सातभाईंबरोबर चरू लागले. बुलबुलीने पुन्हा अंडी घातली, पण पाणी प्यायलाही ती घरट्यावरून उठेना.