कोरडवाहू रानातली विहीर

गावाच्या पाणीयोजनेसाठी द्वारकाबाई ढाकण्यांचं दीड एकर रान सरकारात जायचं होतं. नोटिशीत ते कोरडवाहू लावलेलं. ज्या रानात विहीर खोदताना धनी दरडीखाली गेला, ते कोरडवाहू? द्वारकाबाईंच्या जिव्हारी लागलं.

बाई चौथी शिकलेल्या. त्यांनी तालुक्याचं वाचनालय गाठलं. सरकारी राजपत्र घरी न्यायला मिळत नाही, म्हणून तिथंच चार दिवस बसून ओळीवर बोट ठेवून वाचलं. विहिरीची भरपाई वेगळी मिळते, हे कायद्याच्या पुस्तकात कळलं. राजपत्राच्या गठ्ठ्यात मात्र त्याहून मोलाचं पान सापडलं. ते त्यांनी हातानं उतरवून घेतलं.

सुनावणीला भूसंपादन अधिकारी रणनवरे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही, म्हणजे रानात पाणी नाही. वाचनालयात बसून कायदा कळत नसतो, बाई."

"कायदा राहू द्या, साहेब. तुमचंच लिहिलेलं वाचते," असं म्हणून बाईंनी कागद उलगडला. "'या रानातील विहिरीला बारमाही पाणी असल्याने योजनेसाठी हीच जागा निवडली आहे.' खाली नाव तुमचं. आता रान कोरडं असेल, तर गावाला तिथून काय पाजणार? माझं मला परत द्या. आणि पाणी असेल, तर विहीर कागदावर लावा."

साहेबांनी 'कोरडवाहू' खोडलं आणि खाली मान घालून विचारलं, "विहीर कोणी खोदली?"

उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं धन्याचं नाव द्वारकाबाईंनी भर कचेरीत खणखणीत सांगितलं.