बंद खोलीतली एक घटका

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्याच शिष्याला एका खोलीत कोंडून, बाहेरून कडी लावून, दाराशी शांतपणे बसून राहिले. शिष्याबरोबर त्यांनी घराच्या यजमानांना आणि यजमानांच्या थोरल्या बहिणीलाही कोंडले होते. हे ऐकून कोणीही म्हणेल की म्हाताऱ्याला उन्हाळा बाधला. त्या दिवशी रस्त्यावर जमलेले लोकही हेच म्हणत होते. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

शहर दक्षिणेतले, समुद्राकाठचे. चैत्र नुकताच सरला होता. आपल्या देशावरचे ऊन रागीट खरे, पण माणूस सावलीत गेला की ते त्याला सोडून देते. तिथले ऊन सावलीतही पिच्छा पुरवते. हवेत पाणीच इतके की बरणीतले मीठ पाझरते, दोरीवरचे धोतर दोन दोन दिवस दमट राहते आणि अंगावरचा घाम वाळायचे नावच घेत नाही. नुसते बसूनही माणूस थकतो. तिथल्या लोकांनी यावर आपली रीत बसवलेली आहे. कामे सकाळी उरकायची, पातळ ताक प्यायचे, आणि दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की पूर्वेची दारे-खिडक्या सताड उघडून ओसरीवर अंग टाकायचे. त्या वाऱ्याची वाट सारे शहर पाहत असते.

या शहरात हे वैद्यबुवा, मूळचे देशावरचे, चाळीस वर्षे राहिले होते. शिष्य मात्र तिथून गेल्या मार्गशीर्षातच आलेला. बुद्धीने तल्लख, ग्रंथ मुखोद्गत, आणि स्वभावाने कष्टाळू. त्याच्यात दोष म्हणाल तर एकच, त्याला उत्तर फार लवकर सापडत असे. वैशाखाच्या आरंभी वैद्यबुवांना दूरच्या एका गावी रोग्यासाठी जावे लागले. जाताना त्यांनी शिष्याला सांगितले, "मी येईपर्यंत तू पाहा. अडलं तर निरोप धाड." शिष्याला काही अडले नाही. तेच तर नडले.

वैद्यबुवा दहाव्या दिवशी परतले. पाय धुऊन बसतात न बसतात तोच कापडाच्या व्यापाऱ्याकडचा माणूस धापा टाकत आला. "लवकर चला. सूनबाई भलतंसलतं बोलतात, आणि बाळ सकाळपासून दूध ओढत नाही."

हा व्यापारीही देशावरचाच. गेल्या दिवाळीत त्याने इथे दुकान थाटले होते. सून अनसूया हिचे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण माहेर शेकडो कोसांवर, म्हणून ते सासरीच झाले. त्यासाठी व्यापाऱ्याची थोरली बहीण मुद्दाम गावाहून आली होती. तिला सारे अक्का म्हणत. अठरा बाळंतपणे हातावेगळी केलेली बाई. सूनबाईवर तिचा जीव होता, हेही खरे.

वाटेत शिष्याने गुरूंना सारी हकिगत सांगितली. सांगताना त्याच्या स्वरात थोडा अभिमानही होता. "प्रसूती सुखरूप झाली, गुरुजी. मी पहिल्या दिवसापासून नियम घालून दिले. खोली बंद, खाटेखाली शेगडी, दोन्ही वेळा ओव्याची धुरी, डोक्याला फडकं, कानात कापूस. पाणी उकळून, तेही वाटीभरच. वारा म्हणून लागू दिला नाही."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी अंग तापलं. मी ओळखलं, कुठून तरी वारा शिरतोय. खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवून घेतल्या. सहाव्या दिवशी ताप वाढला, म्हणून शेगडीत निखारे वाढवायला सांगितले. काल तर ती बरळायला लागली. मी दारालाही घोंगडी लावली."

वैद्यबुवा चालता चालता थांबले. त्यांनी शिष्याकडे पाहिले आणि ते जवळजवळ धावू लागले. सत्तरी उलटलेल्या माणसाला असे धावताना शिष्याने कधी पाहिले नव्हते. आपले काय चुकले हे त्याला कळेना, पण तोही मागोमाग धावू लागला.

व्यापाऱ्याच्या दारात येताच वैद्यबुवांनी ना विचारपूस केली, ना नाडी पाहिली. घोंगडी ओढून खाली टाकली, दार ढकलले आणि सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरले. आतून वाफेसारखा उकाडा बाहेर आला. खाटेवर अनसूया पडली होती. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ फुटले होते आणि डोळे उघडे असूनही ती कोणाकडे पाहत नव्हती. शेजारी तीन कापडांत गुंडाळलेले बाळ होते. त्याच्या मानेवर घामोळ्यांची लाली पसरली होती आणि ते रडतसुद्धा नव्हते.

वैद्यबुवांनी बाळाला उचलले आणि तिथेच त्याची कापडे सोडून टाकली. मग अनसूयेच्या डोक्याचे फडके ओढून काढले. "धरा खाट!" ते दुकानातल्या गड्यांवर ओरडले. "पूर्वेच्या ओसरीवर चला!"

अक्का वाटेत आडवी झाली. "अहो बुवा, ओली बाळंतीण आहे ती! नऊ दिवस नाही झाले पुरते, तिला वाऱ्यात नेताय? मारायची आहे का माझी पोर?"

"ती मरतेच आहे, अक्का. बाजूला व्हा."

असे बोलणे त्या घरात कोणी ऐकले नव्हते. अक्का बाजूला सरली. व्यापाऱ्याचा हात भिंतीवर टेकला होता, तो काढायचेही त्याला सुचेना. भर दुपारी बाळंतिणीची खाट उघड्या ओसरीवर आली तेव्हा शेजारपाजारचे लोक घराबाहेर येऊन पाहू लागले. समुद्रावरचा वारा नुकताच सुटला होता.

शेजारची एक तमिळ बाई मात्र कोणाला न विचारता कुंपण ओलांडून आली. तिच्या एका हातात ताडाचा पंखा होता आणि दुसऱ्या हातात भाताच्या पेजेचे मीठ घातलेले पाणी. गेले सहा दिवस ती कुंपणापलीकडून खुणा करून सांगत होती की खिडकी उघडा. अक्का म्हणे, इकडच्या बायकांना सोवळं-ओवळं नाही, त्यांना बाळंतपण काय कळतंय. वैद्यबुवांनी त्या बाईला तिच्याच भाषेत दोन वाक्ये सांगितली. ती खाटेशी बसली. ओल्या फडक्याने अनसूयेचे अंग पुसायचे, पंखा घालायचा आणि चमचा चमचा पेज पाजायची, असे तिचे काम सुरू झाले.

मग वैद्यबुवा वळले. बाळ त्यांच्या हातातच होते. त्यांनी शिष्याला, व्यापाऱ्याला आणि अक्काला त्या खोलीकडे नेले. निखारे अजून फुललेले होते.

"आत बसा," ते म्हणाले.

"आम्ही? आत? कशाला?" व्यापाऱ्याने विचारले.

"खोली बाळंतिणीला पथ्याची असेल तर तुम्हाला अपथ्याची नसावी. अक्का, डोक्याला फडकं बांधा. तूही बांध रे. कानात कापूस घाला."

वैद्यबुवांना नाही म्हणण्याची त्या क्षणी कोणाचीच छाती नव्हती. तिघे आत गेले. दार लागले, बाहेरून कडी पडली, आणि फटीवर घोंगडी पुन्हा चढली. रस्त्यावर जमलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. रोगी बाहेर आणि वैद्य आत, असा उपचार त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

आत काय झाले ते शिष्याने पुढे अनेक वर्षांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. पहिली काही पळे त्याला नुसता राग आला. चारचौघांत गुरूंनी आपली शोभा केली असे त्याला वाटत होते. मग घाम आला. घाम कपाळावरून डोळ्यांत गेला, पाठीवरून खाली उतरला, पण एक थेंब वाळेना. वाळला असता तर अंग निवले असते. फडक्याखाली डोके ठणकू लागले. निखाऱ्यांनी श्वास जड झाला. त्याने श्लोक आठवून पाहिले आणि एकही आठवेना. इतक्यात अक्का उठली. तिने फडके ओरबाडून काढले आणि ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "उघडा हो! जीव जातोय माझा!" व्यापारी तिच्या शेजारी उभा राहून खांद्याने दार ढकलू लागला. शिष्य उठला आणि तोही ओरडला. आपला आवाज ऐकून त्याला स्वतःचाच धक्का बसला, कारण तो शिकल्यासवरलेल्या माणसाचा आवाज नव्हता, घाबरलेल्या जनावराचा होता.

कडी निघाली. तिघे धडपडत ओसरीवर आले. अक्का खांबाला धरून खाली बसली. शिष्य वाऱ्यात उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वारा लागणे म्हणजे काय ते त्याला समजले. तेवढ्यात एक बारीक, किनरा आवाज आला. बाळ रडत होते. वैद्यबुवांनी त्याला आईच्या कुशीत दिले, आणि थोड्या प्रयत्नानंतर ते दूध ओढू लागले. अनसूयेने मान वळवून बाळाकडे पाहिले. आता ती खरेच पाहत होती.

वैद्यबुवांनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

"किती वेळ होतास आत?" त्यांनी शिष्याला विचारले.

"दोन प्रहर तरी असेन, गुरुजी."

"एक घटकासुद्धा नाही. नीट ऐक. तू दिलेले नियम खोटे नाहीत. तुझ्या-माझ्या गावी रात्री थंड असतात, हवा कोरडी असते, घरात वारा घुसतो तो बोचरा. तिथे शेगडीनं बाळंतिणी वाचल्या आहेत. माझी आईसुद्धा. इथे हवाच पाण्यानं भरलेली आहे. इथे अंगावरचा घाम वाळतो तो फक्त वाऱ्यानं. तू रोगाशी लढत नव्हतास, एकुलत्या एका औषधाला घराबाहेर ठेवत होतास. ताप वाढला तशी तू फट बुजवलीस. उलट पडताळा आला की उपचार बदलायचा असतो, तू तोच दुप्पट केलास. गाव बदललं, हवा बदलली, आणि आपण मात्र शहाणपण बांधून आणलेल्या गाठोड्यातूनच काढत राहिलो. यात माझाही वाटा आहे. मी तुला पाठ करायला लावलं. रोग्याच्या जागी बसायला शिकवलं नाही."

शिष्याची मान खाली गेली. तो म्हणाला, "पण गुरुजी, आम्ही घटकेच्या आत दार बडवलं. वहिनी नऊ दिवस आत होत्या. त्यांनी एकदाही का बडवलं नाही?"

"ते मला कसं कळणार? तिला विचार."

शिष्य खाटेपाशी गेला आणि जमिनीवर बसला. अनसूयेच्या ओठांना अजून पेज लागलेली होती. त्याने हात जोडले. "वहिनी, इतकं होत होतं, तर तुम्ही सांगितलं का नाही?"

अनसूया त्याच्याकडे पाहत राहिली. तिला त्याचा राग आलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "सांगितलं की," ती हळू म्हणाली. "तिसऱ्या दिवशी अक्कांना म्हटलं, गुदमरायला होतंय, जरा खिडकी उघडा. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही दाराबाहेरून म्हणालात, 'हे तापाचं बोलणं आहे, मनावर घेऊ नका.' मी ऐकलं ते."

शिष्याला ते आठवले. शब्द न शब्द तोच होता.

"मग पुन्हा का नाही बोललात?"

"सगळे माझ्यासाठी झटत होते हो. अक्का रात्र रात्र शेगडी फुंकायच्या. त्यांच्या हाताला फोड आलेत. माझ्या भल्यासाठीच चाललं होतं सगळं. मग मला वाटलं, मलाच सोसत नसेल. माझंच काही चुकत असेल."

खांबापाशी बसलेल्या अक्काने आपले हात पदराखाली घेतले आणि ती हुंदके देऊन रडू लागली. व्यापारी उठून आत गेला. त्याने शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली आणि खिडकीच्या फटींतल्या चिंध्या एकेक करून उपसू लागला. शिष्याला वाटत होते की गुरूंनी आता तरी रागवावे, चार शब्द सुनवावेत. वैद्यबुवा मात्र आता अनसूयेची नाडी पाहू लागले. शेवटी शिष्याने शेजारणीच्या हातातला पंखा मागून घेतला, आणि दिवस मावळेपर्यंत तो तिथेच बसून वारा घालत राहिला. अधूनमधून तो विचारी, "वहिनी, बरं वाटतंय का? की पंखा हळू करू?" आणि उत्तर येईपर्यंत थांबे.

वाचकहो, आपल्याही घरात कोणाची तरी काळजी आपण फार मनापासून करत असतो. ते माणूस गप्प असेल, तर ते सुखात आहे असे समजू नये. एकदा आत जाऊन, दार लावून, त्याच्या जागी बसून पाहावे.