लिंबू सरबताची बाटली

बाटल्याही बोलत असत, त्या काळची गोष्ट. शकूला लिंबू सरबताची रिकामी बाटली टाकवेना. तिने तिच्यात मोरी घासायचं ॲसिड भरलं आणि ती ओट्यावर ठेवली.

शेजारी पडलेली लिंबाची साल बाटलीला म्हणाली, “मोरी मीही घासली असती, वेळ लागला असता इतकंच. तू निदान अंगावरचं लेबल तरी काढ.”

“माझं चांगलं घराणं आहे,” बाटली म्हणाली. “ते का पुसू?”

दुपारी शकूचे सासरे उन्हातून आले. त्यांनी लेबल वाचलं आणि बाटली तोंडाला लावली. “नका पिऊ, अण्णा,” बाटली ओरडली. ते फक्त सालीला ऐकू आलं.

आता शकू मोरी लिंबाच्या सालीने घासते. डाग पूर्वीसारखे निघत नाहीत. घरात त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.