उतरलेली तार

मिरजेच्या जुबेदाबींचे पती तंबोरे बनवायचे. ते गेल्यावर, फोनमधलं त्यांचं तंबोरा जुळवतानाचं एक रेकॉर्डिंग नीट ऐकता यावं म्हणून त्या हेडफोन घ्यायला पुण्याला आल्या.

दुकानाचे मालक केळुसकर हसले. "आजी, असा हेडफोन आणि खिशातला अ‍ॅम्प्लिफायर ही जाणकारांची कामं. तुम्हाला फरक कळायचा नाही."

तरी केळुसकरांनी आपलं आवडतं गाणं आधी स्वस्त हेडफोनवर, मग अ‍ॅम्प्लिफायर जोडून महागड्यावर ऐकवलं.

"स्वस्तात सगळं ठीक वाटतंय," जुबेदाबी म्हणाल्या. "महागड्यात तंबोऱ्याची दुसरी तार सुरातून उतरलेली कळतेय."

केळुसकरांनी स्वतः ऐकलं. तार खरंच उतरलेली होती.

"वीस वर्षं हेच गाणं लावून विकतोय मी," ते ओशाळून म्हणाले.

"विकत होतात साहेब. ऐकत नव्हतात."

मग जुबेदाबींनी त्याच हेडफोनवर पतीचं रेकॉर्डिंग लावलं. तारा जुळल्यावर, नुसत्या फोनवर कधीच ऐकू न आलेलं पतीचं पुटपुटणं आलं, "आज तरी हिला पसंत पडू दे."

चाळीस वर्षं जुबेदाबींनी त्यांना उतरलेली तार तेवढी दाखवली होती. जुळलेलीला छान म्हणायचं राहूनच गेलं होतं.