टिंगीचं डबकं आणि टँकरचा पट्टा

एक होती बेडकी. एवढीशी! नाव तिचं टिंगी.
शाळेच्या नळाखाली तिचं डबकं. रोज टँकर यायचा. टाकी भरायची. नळ गळायचा. टप टप, टप टप.
आज टँकर आलाच नाही. डबकं सुकलं!
टिंगी निघाली. टुणुक टुणुक.
उतारावर टँकर उभा.
"टँकरदादा, चल ना! डबकं माझं भरेना!"
"कसा चालू? बॅटरी मला उठवेना. उद्या ये."
"उद्या नाही. आत्ता!"

टुणुक टुणुक.
"बॅटरीताई, बॅटरीताई!
टँकर पाणी आणेना,
डबकं माझं भरेना!"
"मीच उपाशी! आल्टरनेटर मला वीज देईना. उद्या ये."
"उद्या नाही. आत्ता!"

टुणुक टुणुक.
केवढासा आल्टरनेटर! कलिंगडाएवढा. पण फिरला की वीजच वीज!
"आल्टरनेटरभाऊ, आल्टरनेटरभाऊ!
बॅटरी टँकर उठवेना,
टँकर पाणी आणेना,
डबकं माझं भरेना!"
"मी तर तयार! इंजिनाचा पट्टा मला फिरवेना. उद्या ये."
"उद्या नाही. आत्ता!"

टुणुक टुणुक.
"पट्टेदादा, पट्टेदादा!
आल्टरनेटर वीज देईना,
बॅटरी टँकर उठवेना,
टँकर पाणी आणेना,
डबकं माझं भरेना!"
"मी घसरतो गं, सर्र सर्र! माळेचा दोरा अडकलाय. तो मला सोडेना."
दोरा म्हणाला, "मला रंगूमामांनी बांधलं. त्यांना सांग."

टुणुक टुणुक.
रंगूमामा टँकर चालवायचे. चहा पीत बसले होते.
"रंगूमामा, रंगूमामा!
दोरा पट्टा सोडेना,
पट्टा गरगर फिरेना,
आल्टरनेटर वीज देईना,
बॅटरी टँकर उठवेना,
टँकर पाणी आणेना,
डबकं माझं भरेना!"
"अगं, काल दसरा! आल्टरनेटरला झेंडूची माळ मीच घातली. हौसेनं!"
"मामा! फिरणाऱ्याला कुणी माळ घालतं होय?"
मामांनी जीभ चावली. "चुकलंच की! चहा पितो, मग बघतो."
"मग नाही. आत्ता!"

मामा उठले.
दोरा कापला. कच्च!
पट्टा ताणला. बोल्ट आवळला. कर्र कर्र!
ब्रेक सोडला. टँकर उतारावर घरंगळला. मामांनी गिअर टाकला. खट्!
धड धड धड! इंजिन जागं झालं.
पट्टा फिरला, गरगर गरगर.
आल्टरनेटरनं वीज दिली.
बॅटरीचं पोट भरलं.
टँकर ओरडला, पोंऽऽ पोंऽऽ!
टाकी भरली. नळ गळला. टप टप, टप टप.

आता मामा माळ बांधतात टँकरच्या पुढच्या जाळीला. रोज सकाळी पट्टा अंगठ्यानं दाबून बघतात. मगच चहा!
आणि आल्टरनेटर? केवढासा! पण दमत नाही, थांबत नाही. अख्खा टँकर जागा ठेवतो.
आणि टिंगी?
डबक्यात. डुबुक!