दहावा पंच

एका डोंगराआडच्या रानात पाच पंच होते. दोन कळपांत तंटा झाला की शेवटचा शब्द त्यांचा. एखादा पंच म्हातारा होऊन गेला, तरच त्याच्या जागी दुसरा बसे. म्होरक्या मात्र दर उन्हाळ्याला नवा निवडत.

एका उन्हाळ्यात तरस म्होरक्या झाला. संध्याकाळचा पाणवठा फक्त तरसांचा, असा दावा त्याने लावला. दोघे पंच त्याच्या बाजूने पडले, पण तिघांनी दावा फेटाळला. तरसाने मुकाट्याने मान लववली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पंचांवर कामाचा फार भार पडतो हो. बघवत नाही." पंच बसवणं म्होरक्याच्या हाती, आणि ते किती असावेत हे कुठे बांधलेलं नव्हतं. आपले दोन भाऊ त्याने आणखी पंच म्हणून बसवले. भार हलका झाला. पाणवठाही तरसांचा झाला.

पुढच्या वर्षी गवा म्होरक्या झाला. त्यालाही पंचांची दया आली. दोन गवे बसले आणि पाणवठा गव्यांचा झाला.

तेव्हापासून रानात भीती शिरली. कालचा निवाडा आज टिकेना. बीळ कोणाचं, घरटं कोणाचं, हे निजताना कळेना आणि उठल्यावर विचारायची हिंमत होईना. ससे तर नवा म्होरक्या निवडायच्या आधीच बिळं सोडून पळत.

तिसऱ्या वर्षी कोणाचाच कोणावर भरवसा उरला नव्हता. म्हणून सगळ्यांत निरुपद्रवी अशा एका हरिणीला निवडलं. तिचं पाडस करवंदीच्या जाळीत लपलेलं असे. आमची वाट तिथून जाते, असं सांगून गव्यांनी नेमका त्याच जाळीवर दावा लावला होता. नवांतले पाच पंच गव्यांकडे झुकले होते, हे सगळ्या रानाला ठाऊक होतं.

तिचा दीर धावत आला. "वहिनी, उशीर कशाला? दोन हरणं बसवा. जाळी आपली!"

"आणि पुढच्या वर्षी, भावोजी?"

"पुढचं पुढे."

"पुढेच तर पाडस वाढायचंय."

"मग चार उठवा. पूर्वीसारखे पाच करा."

"कोणाला उठवायचं ते मीच ठरवणार ना? मग माझ्यात आणि तरसात फरक फक्त कातड्याचा."

तिने सगळे कळप बोलावले. एकट्या म्होरक्याच्या हुकमाने नव्हे, तर सगळ्यांच्या संमतीने रानाच्या मूळ कायद्यात भर पडली: पंच नऊच. एकही वाढवायचा नाही, एकही उठवायचा नाही, आणि कोणा एका म्होरक्याने हे बदलायचं नाही. तरसांनीही होकार भरला. पुढचा म्होरक्या कोण, या धास्तीने त्यांचीही झोप उडाली होती.

मग जाळीचा निवाडा झाला. पाच विरुद्ध चार. जाळी गेली. दिराने तिच्याकडे पाठ फिरवली.

हरिणी पाडसाला घेऊन उघड्या उतारावर आली. तिथे आडोसा म्हणून नव्हता. थोड्याच दिवसांत तरस आला. "हा उतार आमचा." तंटा पंचांपुढे गेला. दोन तरस सोडून सगळ्यांनी, गव्यांनीसुद्धा, उतार हरिणीला दिला.

तरस गुरगुरला, "थांब, मी म्होरक्या झालो की..." आणि त्याला नवा कायदा आठवला. म्होरक्या होऊनही आता त्याला पंच वाढवता येणार नव्हते. तो उतरून निघून गेला.

हरिणीची भीती गेली नाही. हरिणीची ती कधीच जात नाही. वाऱ्याची, सावलीची, पावलांची भीती उरली. निवाड्याची तेवढी उरली नाही.

तात्पर्य: आपला तंटा जिंकायला जो पंच वाढवतो, तो उद्याच्या प्रत्येक वैऱ्याला तीच वाट दाखवतो. पंच किती हे सगळ्यांनी मिळून बांधून घ्यावं, आणि आपण हरलो तरी ते मोडू नये.